अँड्रॉइडवर डायलॉग सजवायचा तर मटेरियलअलर्टडायलॉगबिल्डरच घ्या

डायलॉग म्हणजे अ‍ॅपमध्ये उघडणारी छोटी सूचना-चौकट, आणि मटेरियलअलर्टडायलॉगबिल्डर म्हणजे ती बनवणारा, गूगलच्या ‘मटेरियल’ डिझाइन लायब्ररीतला कोड. जुन्या अलर्टडायलॉगपेक्षा हा कितीतरी सरस, कारण अख्ख्या अ‍ॅपचे डायलॉग एकाच थीममधून बदलतात. मुख्य थीममध्ये ‘मटेरियलअलर्टडायलॉगथीम’ला आपली ओव्हरले-थीम (मुख्य थीमवर चढणारी छोटी थीम) द्यायची, तिचा पालक, म्हणजे जिच्यावरून ती बनते ती थीम, मटेरियल ३ चीच (मटेरियलची तिसरी आवृत्ती) डायलॉग-ओव्हरले. कोपरे मुळात २८ डीपी (अँड्रॉइडचं मापाचं एकक) गोल असतात. ते १२ करायचे तर ओव्हरलेमधल्या ‘अलर्टडायलॉगस्टाइल’मध्ये ‘शेपअपिअरन्स’, म्हणजे आकाराची सेटिंग, बदला.

विंडोची पार्श्वभूमी थेट बदलण्याचा मोह मात्र टाळाच! कडेची मोकळी जागा त्याच ड्रॉएबलमध्ये (पार्श्वभूमीच्या चित्रात) असते, म्हणून कोपऱ्यांसोबत तीही जाते. रंगासाठी स्टाइलमधला ‘बॅकग्राउंडटिंट’ पुरतो.

बटणांचा रंग कोडमधून बदलताना डायलॉग दाखवणारं ‘शो’ आधी बोलवा, नाहीतर बटण मिळवून देणारं ‘गेटबटन’ नल, म्हणजे रिकामं उत्तर, देतं. खरं तर बटणांची स्टाइलही ओव्हरलेतच द्यावी. अ‍ॅपची थीम मटेरियलची नसेल, तर आधी ती बदला.