वानखेडे की घरचा टीव्ही? आयपीएलचा उन्हाळा कसा काढायचा

भाच्याने विचारलं, मामा या सीझनला तिकिटं काढू का घरीच बघू? तो पक्का मुंबईवाला, म्हणून नीट सांगतो.

खर्चात घर जिंकतं, त्यात वादच नाही. लीगमध्ये एका टीमच्या १४ मॅच, त्यातल्या साधारण ७ घरच्या मैदानावर, त्या सगळ्या स्टेडियममध्ये बघायच्या म्हणजे खिसा रिकामा, आणि आत पाण्याची बाटली नेता येत नाही म्हणून तो खर्च वेगळा.

आता खेळ. टीव्हीवर बॉल किती वळला, एलबीडब्ल्यू होता का, सगळं रिप्ले लावून कळतं. पण कॅमेरा बॉलच्या मागे पळतो ना, तर बुमराह रनअपला निघायच्या आधी कॅप्टन डीप स्क्वेअर लेगला, म्हणजे लेग साइडला बाउंड्रीजवळ उभ्या फील्डरला, दोन पावलं सरकवतो ते निसटतं. स्टँडमधून अख्खी फील्ड एकदम दिसते आणि पुढचा बॉल काय येणार याचा अंदाज तुम्ही स्वतः बांधता. मला तर क्रिकेट तिथेच कळायला लागलं. आणि नॉर्थ स्टँडचा आवाज, तो कुठल्याच स्पीकरमधून येत नाही!

दगदग मात्र आहे. एप्रिलचा घामटा, साडेसातची मॅच साडेअकराच्या पुढे जाते, मग चर्चगेटला लोकलसाठी हीऽऽ गर्दी.

रोजची मॅच, पॉइंट्स टेबल, दुसऱ्या टीम्सवर लक्ष ठेवायचंय तर घरीच बघ. एकाच टीमवर जीव असेल तर दोन मॅच वानखेडेवर, शक्यतो वरच्या टियरमधून. आजीला न्यायचं असेल तर दुपारची मॅच अजिबात नको.