आरोग्य विमा : हप्ता पूर्ण, क्लेम अर्धा

पाचपैकी दोन स्टार. कंपनीचं नाव घेत नाही. आर्वीच्या एजंटानं गळ्यात घातलेली ३ लाखांची फॅमिली पॉलिसी. कापूस विकला की आम्ही पहिले तिचा हप्ता भरतो.

मामाजींच्या हर्नियाच्या ऑपरेशनला नागपूरला नेलं. कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीनं थेट दवाखान्याला भरायचं, ते लवकर मंजूर झालं, खोटं कशाला बोलू. घोळ डिस्चार्जच्या वेळी. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. वॉर्ड भरलेला, खोली मिळाली ६,००० ची. वरचे तीन हजार आपण भरायचे, असंच कोणालाही वाटेल ना? नाही बाप्पा! खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची, म्हणून त्याच हिशोबानं सर्जनची फी, थिएटर, नर्सिंग, सगळ्यालाच निम्मी कात्री. औषधं तेवढी वाचली. हातमोजे, मास्क आमच्याच खिशातून.

एजंट म्हणे, "ताई, कागदावर होतं." होतं ना, मुंगीएवढ्या अक्षरात!

घ्यायचीच तर खोलीभाड्याची मर्यादा नसलेली घ्या, हप्ता थोडा जास्त बसला तरी. आणि भरती व्हायच्या आधी तो आजार सरकारच्या मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेत बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे त्या योजनेच्या माणसाला, विचारा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा.