पुरणपोळी एक नंबर, पण स्टेटसवर डोळा ठेवावा लागतो

कोथरूडला डहाणूकर कॉलनीच्या बाजूला एक काकू घरून पुरणपोळी आणि उकडीचे मोदक देतात. नाव मुद्दाम टाकत नाहीये, आधीच आम्हाला मिळत नाही, त्यात तुमची गर्दी कशाला. दुकान नाही, बोर्ड नाही, सगळा कारभार व्हॉट्सअॅप स्टेटसवर आणि थोडाफार इन्स्टाच्या स्टोरीवर.

सकाळी स्टेटस पडतं, तव्यावर टम्म फुगलेली पोळी, पुरण पार कडेपर्यंत गेलेलं, फिल्टर वगैरे काही नाही, मागे कुकरपण दिसतो आणि खाली "आज ४०च, १२ पर्यंत सांगा". स्टेटसलाच रिप्लाय केला की तो थेट त्यांच्या चॅटमध्ये जातो, झाली ऑर्डर. थोड्या वेळाने पुढचं स्टेटस, "संपल्या". २४ तासांनी स्टेटस गायब, पोळ्या तर त्याआधीच, त्यामुळे या धंद्याला हा प्रकार बरोब्बर बसतो, कुठल्या अॅपला कमिशन नाही आणि कालचा माल खपवायची भानगड नाही.

नवीन लोकांनो, नुसता त्यांचा नंबर सेव्ह करून भागत नाही, त्यांनीही तुमचा सेव्ह केलेला लागतो नाहीतर स्टेटस दिसतच नाही, म्हणून आधी नाव सांगून मेसेज टाका.

तक्रार एकच, रेट कधीच लिहीत नाहीत. इन्स्टावर हायलाइट्सची सोय २०१७ पासून आहे, स्टोरी तिथे टाकली की प्रोफाइलवर कायम राहते, रेट टाकून ठेवा म्हटलं तर काकू म्हणाल्या, "गुळाचा भाव वर-खाली होतो गं, कशाला अडकून पडू." पॉइंट आहे.

हेच साडीवाले करतात तेव्हा मात्र डोकं फिरतं. लक्ष्मी रोडच्या एका दुकानाच्या स्टोरीत २० टक्के ऑफ, "फक्त आज", वर ते उलटं मोजणारं घड्याळ. पार्किंग शोधत कशीबशी पोचले तर काउंटरवरचा म्हणतो कुठली ऑफर मॅडम, स्क्रीनशॉट दाखवला तर "ती निवडक मालावर". आणि पुढच्या आठवड्यात परत तेच "फक्त आज"! अहो पोळी खरंच संपते, तुमच्या साड्या कुठे पळून चालल्यात?

असो. होळीच्या पोळ्या स्टेटस बघून मागवू म्हणत असाल तर विसरा, त्यांचं बुकिंग चॅटवरच आधी होऊन जातं. आणि डबा घरून न्या.