वेर्णा ते भिवंडी: कोल्हापूरमार्गे, कोकणातून की रो-रोने?

गोव्यातल्या वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतून मुंबईकडे माल पाठवणारा नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो टोलचा. माझं म्हणणं, आधी एवढंच ठरवा: गाडी तुमची की भाड्याची? पुढचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

कोल्हापूरमार्ग घ्या. अनमोड घाट चढून बेळगाव गाठलं की हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर अशी नाक्यांची माळच लागते, आणि पुढे एक्सप्रेसवे. चोवीस तासांत परत आलात तर जाऊन-येऊन मिळून दीडपट टोल पडतो खरा, पण भिवंडीत माल उतरवून चोवीस तासांत परतलेला ट्रक मी अजून पाहिलेला नाही. म्हणजे दोन्ही वेळा पूर्ण टोल, गाडी रिकामी असली तरी तेवढाच. फास्टॅगला ताडपत्रीखाली काय आहे ते कळत नाही. स्वतःची गाडी असेल तर ही परतीची फेरी तुमच्याच खिशातून जाते.

भाड्याच्या गाडीचं गणित उलटं आहे. गोव्यात भाजी, सिमेंट, किराणा भरून गाड्या येतात त्या मानाने इथून बाहेर जाणारा माल थोडा. त्यामुळे ड्रायव्हर परतीच्या भाड्याच्या शोधातच असतो. टोल त्याला तसाही भरायचाच आहे, म्हणून तो कमी भाड्यात उचलतो. अशी गाडी मिळत असेल तर रो-रोचा, म्हणजे ट्रकच रेल्वेवर चढवून नेण्याचा, विचारही करू नका.

टोलचा खरा परिणाम रस्ता निवडण्यापेक्षा गाडी निवडण्यावर होतो. 2008 च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत मूळ दर किलोमीटरला सहाचाकीसाठी 2.20 रुपये आणि दहाचाकीसाठी 2.40 रुपये असे होते. दर एप्रिलला ते वाढत गेले, पण एकमेकांशी प्रमाण तेच राहिलं. फरक जेमतेम नऊ टक्के, आणि 2018 च्या वाढीव मर्यादेनंतर दहाचाकीचं गाडीसकट वजन साडेअठ्ठावीस टनांपर्यंत चालतं, सहाचाकीचं साडेअठरा-एकोणीसच्या आसपास. दोन दिवस थांबून दहाचाकी भरता येत असेल तर थांबा. अर्धी भरलेली सहाचाकी रोज पाठवणं म्हणजे टोलनाक्याला देणगी.

कोकणातून, म्हणजे सीमेवरच्या पत्रादेवीवरून 66 नंबरच्या महामार्गाने, टोल कमी पडतो. अंतरही कमी. पण 2011 पासून या रस्त्याचं काम चाललंय, आणि टोलमध्ये वाचवलेलं डिझेल, टायर आणि वेळेत जातं. गेल्या पावसाळ्यात आमची गाडी माणगावात अडीच तास एकाच जागी उभी होती, ड्रायव्हरने तेवढ्यात दोनदा चहा घेतला आणि मला चार फोन केले. गणपतीच्या दिवसांत तर जड वाहनांना बंदीच असते. घाईचा, थोडा माल असेल तर छोट्या गाडीने हा रस्ता ठीक.

आता रो-रो. कोकण रेल्वेने 1999 मध्ये ही सेवा सुरू केली: भरलेला ट्रक सपाट वाघिणीवर चढवायचा, वेर्ण्याला चढून रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला उतरायचं. ड्रायव्हर-क्लीनर ट्रकमध्येच. रात्रभर डिझेल जळत नाही, टायर झिजत नाही, ड्रायव्हरला केबिनमध्ये पाय पसरून झोप मिळते. काचसामान, यंत्रं असला नाजूक माल असेल तर मी हाच पर्याय घेईन, भाडं थोडं जड वाटलं तरी. अडचण एकच, वेळ तुमचा नाही, रेल्वेचा. रेकची, म्हणजे वाघिणींच्या गाडीची, वाट बघत एक दिवस गेला तर गणित फिरतं. शिवाय ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याची, मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस, ती वाट बघतानाही संपत असते, तेव्हा ट्रक वाघिणीवर चढवायच्या दिवशीच बिल काढा.

स्वतःची गाडी, परतीचं भाडं नाही आणि पावसाळा, असं तिन्ही जुळलं तर रो-रो. नाजूक माल आणि घाईचा थोडा माल सोडला तर बाकी वेळी कोल्हापूर.

आणि रो-रोला पाठवण्याआधी टेप घेऊन थप्पीची उंची ताडपत्रीसकट मोजा. वर विजेच्या तारा आहेत, उंचीला मर्यादा आहे, आणि रात्री स्टेशनवर वरचे खोके उतरवायला हमाल सापडत नाही.