मिल्टन इटालियनमध्ये घ्यायचा, तर जुना दोनभाषी संच की आजचं पुस्तक?

डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर इटालियन. सतराव्या शतकातला इंग्रज कवी जॉन मिल्टन याच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्याची अशी दीडदोनशे वर्षांपूर्वीची, चामडी बांधणीतली प्रत विकायला आलेली दिसली की इटालियन शिकणाऱ्याचा हात खिशाकडे जातोच. तो तिथेच थांबवावा का, हे ठरवायला थोडी मदत.

मिल्टन आणि इटालियन ही जोडी ओढूनताणून जमवलेली नाही. १६३८-३९ मध्ये तो इटलीत राहिला, म्हाताऱ्या गॅलिलिओला भेटला. इटालियनमध्ये त्याने स्वतः सुनीतं लिहिली. या महाकाव्यात आपण यमक का सोडलं हे सांगताना त्याने आधार घेतला तो इटालियन आणि स्पॅनिश कवींचा. म्हणून इटालियन अनुवादकांना नवा छंद शोधावा लागला नाही. अकरा अक्षरांची निर्यमक ओळ, ‘व्हेर्सो शोल्तो’, त्यांच्या घरचीच होती. समोरासमोरची पानं वाचण्यातली गंमत या नात्यात आहे, आणि ती जुन्या प्रतीत मिळते तशीच आजच्या प्रतीतही मिळते. हे आधी मनाशी पक्कं करा, म्हणजे निम्मा मोह उतरतो.

आजच्यांपैकी कवी रोबेर्तो सानेसीचा अनुवाद मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने मूळ इंग्रजीसह काढलेला आहे. भाषा विसाव्या शतकातली, इंग्रजी संहिता तपासलेली. पेन्सिलीने खुणा करा, प्रवासात न्या, जीव खालीवर होत नाही. रोज दोन पानं वाचून इटालियन पक्कं करायचं असेल तर मी निःशंकपणे हेच घ्या म्हणेन.

जुन्या संचात तुम्ही दुसरंच काही विकत घेता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा असे. नीट राहिला असेल तर तो आजही लवचिक असतो, तर त्याच शतकाच्या उत्तरार्धातला लाकडाच्या लगद्याचा कागद पिवळा पडून कडांना तुटतो. त्यामुळे दोन जुन्या प्रतींत अधिक जुनी प्रत पुष्कळदा अधिक धडधाकट निघते. छपाईच्या खिळ्यांचा ठसा बोटाला जाणवतो. पण अभ्यासासाठी डावं पान बेताने वापरा. खिळे जुळवणाऱ्या इटालियन कामगाराला इंग्रजी येत असेलच असं नाही, आणि त्या काळातल्या छापील इंग्रजी संहितेतलं शुद्धलेखन व विरामचिन्हं पुष्कळदा नंतरच्या संपादकांची असतात. टिपांचीही फार अपेक्षा नको.

अनुवाद कोणाचा, हे बांधणीपेक्षा महत्त्वाचं. पाओलो रोल्ली लंडनमध्ये इटालियन शिकवायचा, संगीतकार हेंडेलसाठी ऑपेरांच्या संहिता लिहायचा. त्याचे पहिले सहा सर्ग १७२९ मध्ये निघाले आणि १७३२ मध्ये रोमच्या कॅथलिक चर्चने ते निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकले. तरीही त्याने बाराही सर्ग पुरे केले. तो मूळ ओळीला धरून चालतो, म्हणून शिकणाऱ्याला सोयीचा, पण कधी कधी अवघडलेला वाटतो. लाझ्झारो पापीचा १८११ चा अनुवाद मला जास्त जवळचा आहे, कारण त्यात ओळ वाहते. हा माणूस त्याआधी काही वर्षं त्रावणकोरात वैद्य होता आणि हिंदुस्थानावर त्याने पत्ररूप पुस्तक लिहिलं. आंद्रेआ माफ्फेईचा १८५७ चा अनुवाद सर्वांत गोड आणि मुळापासून सर्वांत मोकळा. इंग्रजीशेजारी ठेवून वाचायला तो मी घेणार नाही, नुसता ऐकायला जरूर घेईन.

अनुवाद पारखायची एक सोपी रीत आहे. काव्याचं पहिलं वाक्य सोळा ओळींचं आहे आणि ‘गा’ हे क्रियापद थेट सहाव्या ओळीत येतं. उजव्या पानावर ते कुठे येतं ते पाहा. क्रियापदासाठी थांबायची मराठी वाचकाला सवय असतेच, त्यामुळे अनुवादकाने किती दम धरला ते आपल्याला चटकन कळतं.

जुन्या प्रतींची स्कॅन केलेली पानं इंटरनेटवर फुकट मिळतात, तेव्हा आधी महिनाभर ती वाचा. दोन पानं शेजारी दिसतील अशी मांडणी निवडा आणि मुखपृष्ठ एकटं ठेवा, नाहीतर डावं-उजवं उलटून इंग्रजीसमोर भलताच मजकूर येतो.

महिन्यानंतरही कागदाचीच ओढ राहिली तर संच घ्या, पण पूर्ण असेल तरच. सुटा खंड स्वस्त दिसतो, त्याचा जोडीदार मात्र सहसा सापडत नाही. विक्रेत्याकडून प्रत्येक खंडाचं शीर्षकपान, कणा, आतली शिवण आणि कसरीने खाल्लेली पानं यांचे फोटो मागवा. बाराही सर्ग आहेत ना, हे मोजून घ्या. आणि नवव्या सर्गात हव्वा फळ तोडते ते जोडपान खास मागा. वाचक तिथेच सर्वांत जास्त रेंगाळतात, तेव्हा एखादं पान सुटलं-फाटलं असेल तर तिथे असण्याचा संभव अधिक.