क्लाऊनफिश की फायरफिश?

बेळगावच्या शहापूर-टिळकवाडीतल्या घरात 80 लिटरची रीफ टाकी (प्रवाळ ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी) असेल, तर माझा कौल क्लाऊनफिशला. ऑसेलॅरिस जातीचा हा मासा टाकीत साधारण 8-9 सेंटिमीटर वाढतो, टाकीतच पैदास झालेला मिळतो आणि दाणे सहसा लगेच खाऊ लागतो. समुद्रात तो ज्याच्या आसऱ्याने राहतो तो फुलासारखा प्राणी, सी-ॲनिमोन, टाकीत नसला तरी त्याचं काही अडत नाही. मोठी मादी मात्र आपली जागा राखते, टाकीत हात घातला की चावतेसुद्धा.

फायरफिश फारच देखणा! पुढून पांढरट, शेपटीकडे लालभडक, पाठीवरचा उंच तुरा सारखा हलता. स्वभाव गरीब, पण दचकला की थेट टाकीबाहेर उडी. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट ये-जा करते, दिवे एकदम लागले की तो बिथरतो. बारीक जाळीचं झाकण बसवणार असाल तरच आणा.

दोन्ही हवेत? आधी फायरफिश सोडा, तो रुळला की क्लाऊन.