दोन सपाट्या: बसाल्टची आणि चुनखडीची

परवा संत्र्याचा रस ओट्यावर सांडला, पुसायचा राहिला. सकाळी कडप्प्यावर फिके डाग! कडप्पा म्हणजे चुनखडीच, आंबटाने खाल्ली जाणार. अंगणातल्या काळ्या बसाल्टच्या पायरीला मात्र संत्रं काही करत नाही.

नागपूरच्या पश्चिमेच्या टेकड्यांचे माथे सपाट, कारण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर असा आडवाच पसरला आणि थिजून बसाल्ट झाला. विषय संपला.

चुनखडीत सपाटी विरघळून येते. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि दगड खात खाली उतरतं. भूजलाची पातळी लागली की खाली खाणं थांबतं, मग ते आडवं, कडांना पोखरतं. न विरघळणारी चिकणमाती तळाशी साचून बूच बसवते, तळ आणखी रुंदावतो. अशा खोलगट मैदानाला स्लाव्ह भाषांत ‘पोल्ये’, म्हणजे शेत, म्हणतात. बॉस्नियातलं लिव्हान्स्को पोल्ये सुमारे ४०० चौरस किलोमीटरचं. स्लोव्हेनियातल्या त्सेर्कनित्सा पोल्येत तर कधी तळं, कधी कुरण. पाणी जमिनीतल्या भोकांतून येतं नि तिथूनच जातं.

मला विचाराल तर दुसरी सपाटी जास्त बेरकी.